लघवीत कोप्रोपॉर्फिरिन वाढलंय, म्हणजे बहिणीला पॉर्फिरिया आहे का?

तुमचा प्रश्न लांब होता, इतरांसाठी थोडक्यात मांडतो. बहीण ३१ वर्षांची, कोपरखैरण्याला राहते, शाळेत शिकवते. वर्षभरात पोटदुखीने तीनदा ॲडमिट झाली. दुसऱ्या वेळी ॲपेंडिक्स काढलं, ते बायोप्सीत नॉर्मल निघालं. सोनोग्राफी, सीटी, एंडोस्कोपी सगळं झालं, हाती काही लागलं नाही. शेवटी वाशीच्या एका पोटविकारतज्ज्ञांनी पॉर्फिरियाची, म्हणजे रक्तातलं हीम बनवण्याच्या साखळीतल्या बिघाडाच्या आजाराची, शंका घेतली आणि २४ तासांच्या लघवीतलं पॉर्फिरिन (हीम बनताना मधे तयार होणारी द्रव्यं) तपासायला सांगितलं. रिपोर्टमध्ये कोप्रोपॉर्फिरिन वरच्या मर्यादेच्या पावणेदोन पट, युरोपॉर्फिरिन नॉर्मल. घरच्यांनी इंटरनेटवर वाचलं आणि सगळ्यांची झोप उडाली. तुम्ही विचारता: हा पॉर्फिरियाच का, तिची औषधं बंद करायची का, आणि भाऊ म्हणून तुम्हीही टेस्ट करून घ्यायची का. शिवाय मामेभावाच्या स्वमग्न मुलाचा ‘पॉर्फिरिन प्रोफाइल’ दाखवून कुणीतरी शरीरातला पारा काढायची ट्रीटमेंट सुचवलीय, तीही शंका आहे.

ठाण्यात नौपाड्याला बायोकेमिस्ट्रीची लॅब सांभाळतो, त्यामुळे असे रिपोर्ट हातात येतात. आधी सरळ उत्तर. या कागदावरून तिला पॉर्फिरिया आहे असं म्हणता येत नाही, आणि नाही असंही म्हणता येत नाही. शंका घेणाऱ्या डॉक्टरांचं मला कौतुकच वाटतं, कारण पोटदुखीच्या पेशंटमध्ये हा आजार डोक्यात येणंच दुर्मिळ. पण फॉर्मवर जी टेस्ट लिहिली गेली ती या शंकेची मुख्य टेस्ट नाही. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, असं झालंय. हवं होतं पीबीजी, म्हणजे पॉर्फोबिलिनोजेन, आणि ते ‘युरिन पॉर्फिरिन्स’ या टेस्टमध्ये मोजलंच जात नाही. पीबीजी हे पॉर्फिरिन नव्हे, त्याच्या आधीचा कच्चा माल आहे. त्याला रंग नसतो, ते चमकत नाही, पॉर्फिरिनच्या यंत्राला ते दिसत नाही. ते वेगळं मागावं लागतं. ही गल्लत फक्त आपल्याकडे होते असं नाही, जगभर होते. नावातच पॉर्फिरिन असल्यावर पॉर्फिरियासाठी तीच टेस्ट असणार, असं कुणालाही वाटेल.

थोडं आतलं सांगतो, नाहीतर पुढचं पटणार नाही. रक्ताला लाल रंग देणारं हीम आपलं शरीर आठ पायऱ्यांत बनवतं, दर पायरीला एक एन्झाइम. पहिल्या पायरीला एएलए (अमिनोलेव्हुलिनिक ॲसिड) तयार होतं, दुसऱ्या पायरीला दोन एएलए मिळून पीबीजी. मग चार पीबीजी ओळीने जोडले जातात, त्या साखळीचं कडं होतं, आणि तिथून पुढे युरो, कोप्रो, प्रोटो असे पॉर्फिरिनचे टप्पे. शेवटी प्रोटोपॉर्फिरिनमध्ये लोह बसलं की हीम. आता ऐरोलीच्या पुलावर ट्रक बंद पडला की रांग त्याच्या मागे लागते, पुढचा रस्ता मोकळाच असतो. इथेही तसंच. ज्या पायरीचं एन्झाइम अर्धवट चालतं, तिच्या मागचा माल साचतो आणि लघवीत, शौचात किंवा रक्तात उतरतो. कुठला माल कुठे साचला, त्यावरून अडथळा कुठे आहे ते आम्ही ओळखतो.

पोटात कळा आणणारा जो मुख्य प्रकार, अक्यूट इंटरमिटंट पॉर्फिरिया, त्यात तिसऱ्या पायरीचं एन्झाइम अर्ध्या ताकदीचं असतं. म्हणजे साचतं ते एएलए आणि पीबीजी. अटॅकमध्ये पीबीजी दीडपट-दुप्पट वाढून थांबत नाही, मर्यादेच्या दहापट आणि त्याहून वर जातं. म्हणून ही टेस्ट वाचायला सोपी आहे. जिथे खरा आजार पेटलेला असतो तिथे आकडा संशयाला जागा ठेवत नाही. तुमच्या बहिणीचा पावणेदोन पटीचा आकडा पाहून घरात जी धावपळ झाली, ती त्या आकड्याला शोभत नाही.

मग तो वाढला कशाने? पॉर्फिरिनमध्ये युरोला आठ कार्बॉक्सिल गट असतात, कोप्रोला चार, प्रोटोला दोन. गट जितके जास्त तितकं पाण्यात विरघळणं सोपं. म्हणून युरो जवळजवळ पूर्ण लघवीतून जातं, प्रोटो फक्त पित्तातून शौचात, आणि कोप्रो दोन्ही दारांनी. एरवी कोप्रोचा मोठा हिस्सा लिव्हर पित्तात टाकतं. लिव्हर जरा सुस्तावलं की तोच हिस्सा लघवीकडे वळतो. हीम बनवण्यात काडीचाही दोष नसताना लघवीत कोप्रो वाढतं ते असं. कावीळ, फॅटी लिव्हर, दारू, पित्ताचा अडथळा, बरेच दिवसांचा ताप, उपासमार, गरोदरपण, काही औषधं, शिसं, यादी लांब आहे. आपल्याकडे पावसाळ्यात काविळीच्या साथी येतात तेव्हा कुणी शंभर पेशंटची लघवी तपासली तर कोप्रो वाढलेले कितीतरी निघतील, पण पॉर्फिरिया बहुधा एकालाही नसेल. तुम्ही पाठवलेल्या तिसऱ्या डिस्चार्ज कार्डावर एसजीपीटी (लिव्हरची रक्ततपासणी) वाढलेलं, ८४ आहे, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड १ लिहिलंय. फक्त कोप्रो थोडं वाढलेलं, युरो नॉर्मल, आणि लिव्हरची ही अवस्था. माझ्या नजरेला पहिलं कारण तेच दिसतं.

कोप्रोचे दोन भाऊ आहेत, आयसोमर १ आणि आयसोमर ३. निरोगी माणसाच्या लघवीत ३ नंबरचा वाटा साधारण तीन चतुर्थांश असतो. डुबिन-जॉन्सन नावाच्या निरुपद्रवी जन्मजात काविळीत कोप्रोचा एकूण आकडा जवळपास नॉर्मलच राहतो, पण त्यात १ नंबरचा वाटा ८० टक्क्यांच्या वर जातो. नुसती बेरीज पाहणाऱ्याला हे कधीच कळणार नाही. म्हणून मी नेहमी एचपीएलसीने वेगवेगळे केलेले आकडे मागतो. एचपीएलसीत लघवीतले पॉर्फिरिन स्तंभातून एकेक करून बाहेर येतात आणि त्यांच्यावर ४०० नॅनोमीटरच्या आसपासचा जांभळट प्रकाश टाकला की ते लाल चमकतात. ती चमक मोजतात. दिसायला सुंदर टेस्ट आहे, पण समोर नमुनाच बिघडलेला असेल तर यंत्र तरी काय करणार!

त्या नमुन्याबद्दल तुम्ही जे लिहिलंय ते वाचून मी थांबलो. २४ तासांची लघवी पाण्याच्या रिकाम्या पारदर्शक बाटल्यांत, बाथरूमच्या खिडकीत, आणि दुखणं थांबून दोन आठवडे झाल्यावर. तुमचा दोष नाही, कुणी नीट सांगितलंच नसणार. पॉर्फिरिनला उजेड सोसत नाही. उन्हात-उजेडात ठेवलेल्या नमुन्यातलं पॉर्फिरिन तासातासाने नष्ट होतं, आकडा खोटा खाली येतो. उलट पीबीजी भरपूर असेल तर ते ठेवल्या ठेवल्या आपोआप जोडलं जाऊन युरोपॉर्फिरिन आणि तपकिरी रंगद्रव्य बनतं. म्हणून अटॅकमधली लघवी ताजी असताना साधी पिवळी आणि उन्हात तासाभराने दारूसारखी लालसर दिसू शकते. शिवाय तुमच्या रिपोर्टवर एकूण लघवी २९०० मिली आहे पण क्रिएटिनिन (स्नायूंतून रोज साधारण ठरावीक प्रमाणात लघवीत येणारं द्रव्य) नाही. ते नसल्यावर २४ तासांचं सगळं जमा झालं की शाळेतल्या दोन वेळा निसटल्या, हे मला सांगता येत नाही.

खरं सांगायचं तर २४ तासांचा हा खटाटोपच लागत नाही. पॉर्फिरियाच्या बाबतीत एका वेळची लघवी, शक्यतो सकाळची, पुरते. आकडा क्रिएटिनिनच्या प्रमाणात काढला की पाणी जास्त प्यायलं, कमी प्यायलं हा फरक निघून जातो. फक्त लघवी अगदी पाण्यासारखी पातळ नको, तसा नमुना आम्ही परत मागतो. ५० मिलीची डबी, लगेच वरून ॲल्युमिनिअम फॉइल, मग फ्रिजमध्ये. नमुना न्यायला येणाऱ्या मुलाला सांगा की बर्फाच्या पाकिटाजवळ ठेव. दुपारच्या उन्हात घोडबंदर रोडवरून बाइकच्या सॅकमध्ये तासभर फिरलेली डबी नको. आणखी एक, हे लॅबवालेही विसरतात: व्हीएमए या लघवीच्या दुसऱ्या टेस्टसाठी जे ॲसिड घातलेले कॅन देतात ते यासाठी चालत नाहीत, ॲसिडमध्ये पीबीजी टिकत नाही. २४ तासांचीच हवी असा कुणी आग्रह धरला तर कॅनमध्ये सोडियम कार्बोनेट, म्हणजे धुण्याचा सोडा, घालून देतात.

आता वेळ. सगळ्यात किमती नमुना म्हणजे पोट दुखत असतानाचा. कळा चालू आहेत आणि त्याच दिवशीच्या लघवीत पीबीजी नॉर्मल आहे, तर त्या कळा पॉर्फिरियाच्या नाहीत असं मी जवळजवळ छातीठोकपणे सांगतो. एक अतिदुर्मिळ प्रकार सोडा, त्यात फक्त एएलए वाढतं. दुखणं थांबल्यावर घेतलेल्या नमुन्याचं तसं नाही. इंटरमिटंट प्रकारात पीबीजी बहुतेकदा महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं चढलेलंच राहतं, त्यामुळे आत्ता केलं तरी पकडलं जाण्याची चांगली शक्यता आहे. पण व्हेरिगेट पॉर्फिरिया आणि हेरेडिटरी कोप्रोपॉर्फिरिया या दोन भावंडांत ते काही दिवसांत खाली येतं. आत्ता नॉर्मल आलं तर या दोघांसाठी शौचातलं पॉर्फिरिन आणि प्लाझ्माची चमक पाहावी लागते. व्हेरिगेटमध्ये प्लाझ्मा ६२६ नॅनोमीटरच्या आसपास चमकतो, तिथे दुसरा कुठला पॉर्फिरिया सहसा येत नाही.

हॉस्पिटलमध्ये मध्यरात्री, मोठी मशिनं बंद असताना, पीबीजी बघायची एक जुनी रीत आहे, ती अजून माझ्या आवडीची. काचेच्या नळीत एक मिली अर्लिख रिएजंट, हॉश पद्धतीचं म्हणजे जास्त ॲसिडचं, आणि त्यावर लघवीचे दोन थेंब. पीबीजी भरपूर असेल तर थेंब पडताक्षणी वरच्या थरात चेरीसारखा लाल रंग उमटतो आणि हलवलं की सगळी नळी तशी होते. साध्या अर्लिखला युरोबिलिनोजेनही रंग देतं, आणि काविळीत ते असतंच. तो घोळ सोडवायला मिनेसोटाच्या सेसिल वॉटसन आणि सॅम्युअल श्वार्ट्झ यांनी १९४१ मध्ये पुढची पायरी दिली: त्यात क्लोरोफॉर्म घालून हलवायचं, ब्यूटेनॉलची भर पुढच्या काळात पडली. रंग सॉल्व्हंटच्या थरात उतरला तर युरोबिलिनोजेन, पाण्याच्या थरात अडून बसला तर पीबीजी. नळीच्या टेस्टला थोडी वाढ दिसत नाही, आणि कुणीही फक्त तिच्यावर निदान करू नये. पण अटॅकचा पेशंट समोर कळवळत असताना पाच मिनिटांत ‘लाल’ कळलं तर ग्लुकोज सुरू करता येतं, पक्क्या आकड्यासाठी तोच नमुना पुढे पाठवता येतो. बाहेरगावाहून येणाऱ्या रिपोर्टची आठवडाभर वाट बघण्यापेक्षा हे बरं.

मग शंका सोडून द्यायची का? नाही, आणि याचं कारण रिपोर्टमध्ये नाही, तुम्ही पाठवलेल्या बाकीच्या कागदांत आहे. पहिलं दुखणं गौरी-गणपतीच्या दिवसांत सुरू झालं. तुम्ही सहज लिहिलंय की गणपतीत पाळी येऊ नये म्हणून तिने पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या होत्या आणि आदल्या दिवशी हरतालिकेचा निर्जळी उपास केला होता. या दोन गोष्टी एकत्र आल्या तर मी कान टवकारतो. त्या गोळ्या प्रोजेस्टेरॉनच्या जातीच्या, आणि तसली संप्रेरकं लिव्हरमधली हीमची पहिली पायरी जोरात चालवतात. उपासाने तीच पायरी आणखी वेग घेते. तिसरी पायरी मुळात अर्धी असेल तर मागे एएलए-पीबीजीचा ढीग लागणारच. तिसरं दुखणंही पाळीच्या आधीच्या आठवड्यातलं, तेव्हा शरीरातलं प्रोजेस्टेरॉन आपसूकच चढलेलं असतं. दुसऱ्या डिस्चार्ज कार्डावर सोडियम १२६, नाडी १२४, रक्तदाब १५०/१००, आणि सर्जननी स्वतः लिहिलंय ‘पोट मऊ’. प्रचंड दुखतंय पण पोट दाबलं तर मऊ, नाडी पळतेय, सोडियम पडलंय, बद्धकोष्ठ आहे: अक्यूट पॉर्फिरियाचं वर्णन करायला बसलो तर मी हेच लिहीन. यातली प्रत्येक गोष्ट दुसऱ्या कारणानेही होते. उलट्यांनी सोडियम पडतं, दुखण्याने नाडी वाढते. पण सगळ्या एकाच कार्डावर असतील तर पीबीजी न करता सोडणं मला पटत नाही. थोडक्यात, तिच्या रिपोर्टने मला काळजी वाटली नाही, तिच्या डिस्चार्ज कार्डाने वाटली.

आत्ता सकाळच्या लघवीत पीबीजी आणि एएलए, क्रिएटिनिनसकट, आणि त्याच नमुन्यात पॉर्फिरिन पुन्हा. तिच्या पर्समध्ये एक चिठ्ठी ठेवा: ‘पोटदुखीत पहिल्या काही तासांत लघवीचा नमुना, पीबीजीसाठी, उजेडापासून झाकून.’ इमर्जन्सीतल्या डॉक्टरांना ती दाखवायला लाजू नका. अटॅक चालू असेल आणि पीबीजी चढलेलं निघालं तर उपचार आहेत. भरपूर ग्लुकोज, आणि हीमचं इंजेक्शन, साधारण ३ ते ४ मिलिग्रॅम दर किलोमागे, रोज एकदा असं चार दिवस. ग्लुकोजचं सलाईन चालू असताना सोडियमवर लक्ष ठेवावं लागतं, नुसतं पाणीदार ग्लुकोज चढवत राहिलं तर सोडियम आणखी पडतं. वारंवार अटॅक येणाऱ्यांसाठी लिव्हरमधली पहिली पायरीच दाबणारं गिव्होसिरान हे इंजेक्शन २०१९ पासून अमेरिकेत मंजूर आहे. पण हे सगळं पीबीजी सिद्ध झाल्यानंतरचं, त्याआधी नाही.

औषधं बंद करायची का, तर तिची थायरॉइडची गोळी चालू द्या, तिला काही होत नाही. पीबीजीचा रिपोर्ट येईपर्यंत पाळीच्या गोळ्या नकोत, गर्भनिरोधक गोळ्या नकोत. फिनायटॉइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटोन, सल्फाची अँटिबायोटिक्स, रिफाम्पिसिन ही नावं डॉक्टरांना आठवण म्हणून सांगून ठेवा. रिफाम्पिसिनचं आपल्याकडे विशेष, टीबीची औषधं सुरू करताना कुणाला पॉर्फिरिया सुचत नाही. नॉर्वेच्या पॉर्फिरिया केंद्राची औषधांची यादी इंटरनेटवर खुली आहे, डॉक्टर ती पाहू शकतात. उपासाचं घरात कसं सांगायचं तुम्ही बघा, पण फरक लक्षात घ्या: साबुदाणा, रताळी, वरी खाऊन केलेला उपास पोटभर पिठूळच असतो, त्याची मला भीती नाही. निर्जळी आणि नवरात्रात नऊ दिवस फक्त पाण्यावर राहणं नको. जिममधल्या कुणी सांगितलेलं भात-पोळी बंदचं डाएट त्याहूनही नको.

एक गोष्ट विचारायची राहिली, ती तिला एकटीला विचारा. पोटदुखीसाठी वैद्याकडून भस्म, रसौषधी, पुडीतलं काही घेतलं आहे का? आणि घरात कुणी जुन्या बॅटऱ्या, रंग, सोल्डरिंगच्या कामात आहे का? कोपरखैरण्याच्या पलीकडेच रबाळे-महापे-तुर्भ्याची एमआयडीसी आहे, म्हणून विचारतो. शिसं हीमच्या साखळीत दोन ठिकाणी हात घालतं, दुसऱ्या पायरीला आणि शेवटच्या. पोटात पीळ, बद्धकोष्ठ, अशक्तपणा, सगळं पॉर्फिरियासारखं. लघवीत एएलए आणि कोप्रोपॉर्फिरिन ३ वाढतं, पीबीजी मात्र जवळपास नॉर्मल. लाल पेशींत झिंक प्रोटोपॉर्फिरिन वाढतं. कोप्रो वाढलंय आणि एएलएही वाढलंय, पीबीजी नाही, असा रिपोर्ट आला तर पॉर्फिरिया बाजूला ठेवा आणि आधी रक्तातलं शिसं तपासा. तीच त्याची टेस्ट, लघवीतलं पॉर्फिरिन नाही. इथे ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. पुडी घेतली असेल तर ती घेऊन या, तीही तपासता येते.

लघवीतलं पॉर्फिरिन अगदीच कुचकामी आहे असं वाटू नये म्हणून सांगतो: ज्या आजारात ते खरंच राजा आहे तो पोटाचा नाही, कातडीचा. पॉर्फिरिया क्युटेनिया टार्डा. हाताच्या मागच्या बाजूला उन्हाने फोड, जरा घासलं की साल निघते, गालावर बारीक केस वाढतात. इथे पाचव्या पायरीचं एन्झाइम लिव्हरमध्ये दबलेलं असतं, दारू, हिपॅटायटिस सी, जास्त लोह, इस्ट्रोजेन यांनी. लघवीत युरो आणि सात कार्बॉक्सिलवालं पॉर्फिरिन भरमसाट, यूव्ही दिव्याखाली लघवीच गुलाबी दिसू लागते. १९५० च्या दशकात दक्षिण-पूर्व तुर्कस्तानात हेक्साक्लोरोबेंझीन हे बुरशीनाशक लावलेला पेरणीचा गहू लोकांनी खाल्ला आणि हजारो जणांना, त्यात पुष्कळ मुलांना, हाच आजार झाला. विषामुळे साखळीची नेमकी एक पायरी बंद पडते हे जगाला तिथे दिसलं. अशा पेशंटमध्ये रक्त काढून किंवा अगदी कमी डोसचं हायड्रॉक्सिक्लोरोक्विन देऊन उपचार करतात आणि लघवीतला आकडा महिन्यागणिक उतरताना दिसतो. उलट उन्हात आग होणारा दुसरा आजार, प्रोटोपॉर्फिरिया, लघवीत दिसतच नाही. प्रोटो पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे तिथे लघवी तपासणं म्हणजे पैसे वाया. तिथे लाल पेशी तपासायच्या.

आता मामेभावाच्या मुलाचं. पाऱ्याचा संपर्क असलेल्या दंतवैद्यांमध्ये लघवीतली काही पॉर्फिरिन बदलतात, असं अमेरिकेत जेम्स वुड्स यांच्या कामात दिसलं होतं. त्यातलं प्रीकोप्रोपॉर्फिरिन हे नाव पुढे गाजलं, आणि तिथून उडी मारून ‘स्वमग्न मुलांच्या लघवीत हे वाढलेलं, म्हणजे पारा भरलाय’ असं विकलं जाऊ लागलं. ती उडी टिकत नाही. लहान मुलांच्या लघवीत क्रिएटिनिन कमी असतं, त्यामुळे भागाकारात आकडा मोठा दिसतो. मूल जेवलं की नाही, काय औषध घेतं, नमुना कसा ठेवला, यानेही हलतो. पाऱ्याची शंका असेल तर पारा मोजा, रक्तात किंवा लघवीत, आणि आधी कुठलंही औषध न देता. आधी किलेटर, म्हणजे धातू शरीराबाहेर काढणारं औषध, पाजून मग लघवी तपासली तर निरोगी माणसाच्या लघवीतही धातू वाढलेला दिसणारच, तसल्या रिपोर्टवर विसंबू नका. आणि किलेशन हे खेळायचं औषध नाही. २००५ मध्ये अमेरिकेत पाच वर्षांच्या स्वमग्न मुलाचा शिरेतून ईडीटीए हे किलेटर देताना कॅल्शियम कोसळून मृत्यू झाला. मामेभावाला हे स्पष्ट सांगा, आणि त्या पैशांत मुलाची स्पीच थेरपी चालू ठेवायला सांगा. नात्यात वाईटपणा येईल, येऊ द्या.

राहिले तुम्ही. आज तुमची लघवी पाठवू नका, नॉर्मल आली तरी काही सिद्ध होणार नाही, थोडं कोप्रो वाढलेलं आलं तर नको तो भुंगा डोक्याला. हे आजार बहुतेक एका बाजूच्या जनुकातून येतात, त्यामुळे बहिणीला असेल तर तुम्हाला असण्याची शक्यता निम्मी. पण जनुक असलेल्यांपैकी फार थोड्यांना आयुष्यात कधी अटॅक येतो, आणि पुरुषांना तर आणखी कमी. आधी तिचं पीबीजी. ते चढलेलं निघालं तर तिच्या रक्तातून एचएमबीएस, म्हणजे त्या तिसऱ्या पायरीच्या एन्झाइमचं, जनुक वाचून नेमका बदल शोधायचा. तो सापडला की तुमच्यात आणि आईवडिलांत फक्त तेवढीच जागा तपासायची, ही टेस्ट एका नमुन्यात हो किंवा नाही सांगते आणि तिला पाळी, उपास, उजेड कशाचाच फरक पडत नाही. पीबीजीचा रिपोर्ट आला की क्रिएटिनिनच्या आकड्यासकट आणि युनिटसकट इथे टाका. काही लॅब मायक्रोमोल देतात, काही मिलिग्रॅम, आणि एक मिलिग्रॅम पीबीजी म्हणजे जवळपास ४.४ मायक्रोमोल. युनिट न बघता दोन रिपोर्ट शेजारी ठेवून ‘चौपट झालं’ असं घरात कुणाला सांगू नका.